पोटखराब्यातली वस्ती

गेल्या महिन्यात बांधावरच्या जाळ्यांबद्दल सहज चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा गठ्ठाच आला. मावा, तांबेरा, रानडुकरं या नेहमीच्या तक्रारी बाजूला ठेवून हा अंक कोळ्यांना देते. आधीच सांगते, मी कोळ्यांची तज्ज्ञ नाही. माण तालुक्यात एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. आता तीन एकर जिरायत आणि त्याला लागून असलेला बावीस गुंठ्यांचा माळ बघते. नवरा शेती करतो आणि मी नुसती बघत बसते, असं त्याचं म्हणणं आहे.

प्रश्न : वांग्यावर कोळी पडला म्हणून दुकानदाराने कोळीनाशक दिलं. फवारल्यावर पानं सुधारली, पण झाडांमधले जाळं विणणारे मोठे कोळी तसेच आहेत. औषध बनावट होतं का? (एक शेतकरी, सांगोला)

उत्तर : औषध चांगलं होतं हो. घोटाळा शब्दाचा आहे. आपण दोन अगदी वेगळ्या प्राण्यांना एकच नाव देऊन बसलोय.

वांग्याच्या पानाखाली असतो तो लाल कोळी. टाचणीच्या डोक्याहून लहान, सगळं अंग म्हणजे एकच ठिपका, कमरेचा पत्ता नाही. पानातला रस शोषतो, मग पानावर पांढुरके ठिपके पडतात आणि पान पिवळं पडत जातं. दुकानातलं कोळीनाशक त्याच्यासाठी. जाळं विणणारा तो दुसरा कोळी. त्याच्या अंगाचे दोन भाग स्पष्ट दिसतात, मध्ये बारीक कंबर. आठ पाय दोघांनाही, म्हणून शास्त्रात ते लांबचे भाऊबंद ठरतात, पण खाणंपिणं निराळं. जाळ्यातला कोळी तुमच्या वांग्याला तोंड लावत नाही. जगात कोळ्यांच्या पन्नास हजारांहून जास्त जातींची नोंद आहे, आणि त्यात मुख्यतः झाडपाल्यावर जगणारा म्हणून ज्याचं नाव निघतं तो एक उड्या मारणारा कोळी राहतो मेक्सिकोकडे. सांगोल्यात यायची त्याची शक्यता नाही.

माझी आजी जाळ्यातल्या कोळ्याला कातीण म्हणायची. कातते ती कातीण. तो शब्द टिकला असता तर तुम्हाला हे पत्र लिहावं लागलं नसतं.

एक मात्र सांभाळा. पुढच्या वेळी दुकानदार 'सगळंच मरेल असं' जहाल औषध देऊ लागला तर नको म्हणा. त्याने जाळ्यातले कोळी मरतात, लाल कोळी खाणारे बारीक मित्रकीटक मरतात, आणि लाल कोळी थोड्याच दिवसांत दुपटीने परत येतो. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांनंतर हे बऱ्याचदा होतं.

प्रश्न : थंडीत पहाटे हरभऱ्याच्या कडेला, जमिनीलगत, पांढरी फडकी वाळत घातल्यासारखी जाळी दिसतात. ऊन चढलं की गायब! मी म्हणतो बुरशी, आई म्हणते करणी. (एक वाचक, आटपाडी)

उत्तर : आईंना नमस्कार सांगा. करणी नाही आणि बुरशीही नाही. जाळी दुपारीही तिथेच असतात, फक्त त्यांच्यावरचं दव उडालेलं असतं. धागा इतका बारीक असतो की पाणी चिकटल्याशिवाय तो आपल्याला दिसत नाही.

एका जाळ्यापाशी उकिडवे बसा. चादरीच्या एका कडेला करंगळी जाईल एवढं नळीसारखं भोक दिसेल. ती नळी मातीच्या भेगेत किंवा गवताच्या बुडख्यात उतरलेली असते. आता वाळकी काडी घेऊन चादरीच्या दुसऱ्या टोकाला हळूच थरथरवा. मालकीण नळीतून अशी सुटते की पहिल्या वेळी आपणच दचकतो. काडीशी येते, फसवणूक कळते, आणि तेवढ्याच वेगाने परत. दोनदा फसते, तिसऱ्यांदा येत नाही. माझ्या नातवाने सात वेळा प्रयत्न करून पाहिला आहे.

या कोळ्याचं शास्त्रीय नाव हिप्पासा. तो लांडगा कोळ्यांच्या कुळातला. त्या कुळातले बाकीचे बहुतेक जाळं विणतच नाहीत, जमिनीवर पळून शिकार धरतात. रात्री शेतात जाल तेव्हा बॅटरी कपाळाशी, डोळ्यांच्या रेषेत धरा. ढेकळांमध्ये हिरवट ठिणग्या चमकतील. त्या ह्यांच्या डोळ्यांच्या. एखादीची पाठ खडबडीत दिसली आणि हलतेय असं वाटलं तर जवळ जाऊन बघा, पाठीवर पिल्लं बसलेली असतात. त्याआधी अंड्यांचा गोल गाठोडा ती मागे चिकटवून सगळीकडे फिरवते.

फवारू नका. तुमच्या हरभऱ्याच्या कडेला बसून ते तुडतुडे, नाकतोडे आणि लहान पतंग खातात.

प्रश्न : बाई, आमच्या रानाला लागून पंचवीस गुंठे पोटखराबा, म्हणजे पिकाला निकामी म्हणून सातबाऱ्यावर नोंदलेली जमीन, आहे. मालक म्हणतात, जेसीबी लावून सपाट करू, तूर तरी होईल. तुम्ही लिहिता माळ राखा. किड्यांसाठी माळ राखायचा, मग आम्ही काय खायचं? (एक भगिनी, जत)

उत्तर : ताई, पोटाचं आधी बोलू. कुदळ घ्या आणि पोटखराब्यात चार ठिकाणी घाव घालून बघा. वीतभर मातीखाली मुरूम लागला तर जेसीबीचं भाडं तुरीतून निघणार नाही. आमच्याकडे शेजारच्या रानात हे होऊन गेलंय. पहिल्या वर्षी तूर गुडघ्याएवढी झाली, दुसऱ्या वर्षी पावसाने ओढ दिली आणि मोकळी केलेली माती ओढ्याला गेली. आता तिथे ना तूर, ना गवत. सातबाऱ्यावर 'पोटखराब' लिहिणारा माणूस पिकाच्या हिशेबात खरंच लिहून गेला आहे. चूक आपली, आपण त्याचा अर्थ 'रिकामं' असा घेतो.

किती रिकामं, ते बघायला मी एक खेळ केला. लग्नातले प्लॅस्टिकचे ग्लास घेतले. सहा ज्वारीत पुरले, सहा माळावर, तोंड जमिनीच्या बरोबरीने, वर चार खड्यांवर टेकवलेली फरशी, म्हणजे पाऊस नको आणि सरडा नको. संध्याकाळी पुरायचे, सकाळी बघून सगळ्यांना सोडून द्यायचं. पहिल्याच सकाळी धडा मिळाला. एका ग्लासात एकच गलेलठ्ठ कोळी आणि सभोवती नुसते पाय. रात्रीतून त्याने बाकीचे उरकले होते. तेव्हापासून ग्लासात मूठभर पालापाचोळा टाकते, लपायला.

ज्वारीतल्या ग्लासांत कोळी जास्त पडायचे, पण बहुतेक एकाच भावकीचे, करडे, पळणारे लांडगा कोळी. माळावरच्या ग्लासांत एखाद-दुसराच, पण रोज वेगळा. एक काळाभोर, मखमली, चपट्या अंगाचा, दगडाखाली राहणारा. एक मुंगीसारखा, पुढचे दोन पाय मिशांसारखे नाचवणारा. त्याला मी दोनदा मुंगी समजून झटकलं. एक वाळूच्या रंगाचा, हलेपर्यंत दिसायचाच नाही. मग मी गवतात शिरले. कुसळीच्या दोन ठोंबांमध्ये गोल जाळं, मधोमध नागमोडी पांढरी नक्षी, आणि तिच्यावर पाय जोडीजोडीने फाकवून फुलीसारखी बसलेली पिवळ्या पट्ट्यांची कोळीण. तरवडाच्या पिवळ्या फुलात पिवळाच खेकडा कोळी. पांढऱ्या फुलावर नेऊन ठेवला तर काही दिवसांत तो पांढरा होतो. निवडुंगावर तंबू ठोकल्यासारखं घुमटाचं जाळं. ओघळीच्या उभ्या मुरमाडी कडेला रुपयाएवढं गोल झाकण, मातीचंच, रेशमी बिजागरीचं, आणि खाली बीळ. तिथे मी अर्धा तास पालथी पडून होते. झाकण पापणीएवढं उचललं गेलं आणि परत बसलं. आत कोण आहे ते अजून पाहिलेलं नाही.

शेत म्हणजे एकच एक उंचीचं पीक आणि उघडी माती. बिऱ्हाड करायला जागा एका तऱ्हेचीच, म्हणून राहणारेही एका तऱ्हेचे. माळावर दगड आहे, काटा आहे, ठोंब आहे, वाळलेलं शेण आहे, ज्याला जसं घर हवं तसं. शिवाय माळ कुणी दर वर्षी उलटापालटा करत नाही. आमच्याकडे उत्तरा-हस्ताच्या पावसावर मालदांडी ज्वारी पेरतो. पेरणीआधीच्या पाळीला गायबगळे औतामागे चालतात, ते काय वेचतात? किडे तर वेचतातच, पण पळणारे कोळीही वेचतात. म्हणजे पीक उगवतं तेव्हा शेत कोळ्यांच्या बाबतीत जवळजवळ कोरं असतं. मग ते भरतं कुठून? बांधावरून आणि माळावरून. लांडगा कोळी चालत येतात. इतरांची पिल्लं गवताच्या शेंड्यावर चढतात, शेपूट वर करून धागा सोडतात आणि वाऱ्याबरोबर उडत येतात. ज्वारी कमरेला लागली की ताटांच्या मधे गोल जाळी दिसू लागतात, पोंग्यात उडी कोळी बसतात. फेब्रुवारीत ज्वारी काढली की सगळे परत बांधाकडे. काही कडब्याच्या पेंढीबरोबर थेट बुचाडात येतात आणि सुनेच्या किंकाळ्या ऐकू येतात.

हे सगळं कळायच्या आधीची एक गोष्ट सांगते. कुसळं पायात फार भरतात म्हणून मीच नवऱ्याला म्हटलं, बांध पेटवून टाका. दुसऱ्या दिवशी राखेतून चालताना एका जळक्या ठोंबाला तपकिरी पिशवी चिकटलेली दिसली, लिंबाच्या आकाराची, चामड्यासारखी. नखाने फोडली. आत भाजलेल्या तिळासारखी पिल्लं, चमचाभर भरली असती. ती फुलीवाल्या कोळिणीची होती. त्या वर्षी बांधावर ती मला दिसली नाही. आता आम्ही बांध पेटवत नाही. निम्मा कापतो, निम्मा पुढच्या वर्षी.

माळ ठेवला की तुरीचा उतारा वाढेल, असं मी तुम्हाला लिहून देणार नाही. ते खोटं होईल. माळावरच्या निम्म्या कोळ्यांना तर तुमच्या पिकाशी देणंघेणंच नाही. झाकणाखाली राहणारी ती बाई जन्मात ज्वारीत पाऊल टाकणार नाही. तिने माझं काही भलं करावं अशी माझीही अट नाही. मालकांना एवढंच सांगा की पोटखराब्यातला पवन्या आणि मारवेल कापून शेरडांना घाला, जेसीबीचे पैसे वाचवा, आणि तूर हलकी का असेना, पण ज्या रानात माती आहे तिथे लावा.

प्रश्न : गावाबाहेरच्या गायरानात बाभळीवर राखाडी जळमटांचा फुटबॉलएवढा गोळा आहे. आत कोळीच कोळी! काही जण म्हणतात रॉकेल टाकून जाळा, विषारी असतील. (एक वाचक, मंगळवेढा)

उत्तर : कृपा करून जाळू नका. तुमच्या गायरानात जे आहे ते बघायला लोक लांबून येतात.

कोळी म्हणजे एकलकोंडा प्राणी, दोन एकत्र आले तर एक दुसऱ्याला खातो, हे माझ्या ग्लासातही दिसलं. पण काही मोजक्या जाती एकत्र कुटुंब करून राहतात, त्यातली ही आपल्या कोरड्या मुलखातली, स्टेगोडायफस सरासिनोरम. बाभूळ, बोर, काटेरी कुंपण ही तिची आवडती जागा. तो गोळा म्हणजे वाडा. त्यात पालापाचोळा आणि खाल्लेल्या किड्यांची सालपटं विणून टाकलेली असतात, म्हणून घाणेरडा दिसतो. वाड्यातून फांद्यांवर जाळ्याचे पडदे ताणलेले असतात. त्यांचा धागा चिकट नसतो, लोकर पिंजल्यासारखा असतो. किड्याचे पाय त्यात गुरफटतात.

तिन्हीसांजेला जा. मोठा नाकतोडा अडकलेला दिसला तर थांबा. आधी एक बाहेर येते, मग तीन, मग एकदम घोळका. कुणी पाय ओढतं, कुणी पंख. एकटीच्या आवाक्यातली शिकार नव्हे ती. सगळ्या मिळून वाड्याकडे ओढत नेतात आणि एका पंक्तीला बसतात. बहुतेक सगळ्या माद्या, नर थोडे आणि थोड्या दिवसांचे.

आणि शेवट ऐकवत नाही, पण सांगते. पिल्लं झाली की आई पोटातलं अन्न त्यांच्या तोंडी घालते. ते संपत आलं की तिचं शरीर आतून विरघळू लागतं आणि पिल्लं तिलाच खातात. पळून जात नाही ती. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरचे सुद्धा गप्प व्हायचे.

माणसाला त्यांचा त्रास नाही. मुलांना सांगा, काठीने वाडा ढोसायचा नाही, बघायचं.

प्रश्न : कोळी राखले तर कपाशीवरची बोंडअळी आटोक्यात येईल का? (एक शेतकरी, परभणी)

उत्तर : नुसत्या कोळ्यांवर नाही. गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की कोळ्याच्या हाती लागत नाही. अंड्यातून निघालेली अळी बोंड शोधत फिरते तेवढ्या वेळात, किंवा रात्री पतंग उडताना, तो काय ती धरेल. तुडतुडे, मावा यांच्यावर मात्र त्याचं बरं लक्ष असतं. कपाशीवर हिरवागार, काटेरी पायांचा, मांजरासारखा दबा धरणारा कोळी दिसेल, तो चांगला शिकारी. पण तोच मधमाशीही धरतो. कोळी तुमचा गडी नाही, त्याला जे सापडेल ते तो खातो. कामगंध सापळे लावा, फरदड, म्हणजे वेचणीनंतर तीच कपाशी पुढे राखून पीक, घेऊ नका, आणि कोळी आहेत तर असू द्या.

प्रश्न : बाई, आमच्या शाळेच्या भिंतीवर कुंभारीण माशीचं मातीचं घर होतं. ते पडलं, आत कोळी निघाले. कुंभारीण कोळी पाळते का? आणि मला नवीन जात सापडू शकते का? (इयत्ता आठवी, दहिवडी)

उत्तर : शाब्बास! कुंभारणीचं पडलेलं घर उघडून आपल्या भागातले कोळी बघायची इतकी सोपी युक्ती मलाही उशिरा सुचली.

पाळत नाही रे, कोंडून ठेवते. कुंभारीण माशी कोळ्याला नांगी मारते. तो मरत नाही, फक्त लुळा पडतो. मातीच्या एका कोठीत असे कोळी दाटीवाटीने भरते, त्यातल्या एकावर अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते. अळी निघाली की तिची शिदोरी तयार, तीही ताजी. मी एकदा पडलेली कोठी वर्तमानपत्रावर मोकळी केली. अकरा निघाले, हिरवट, पिवळे, एक ठिपक्यांचा, सगळे गोल जाळंवाले. सुईने टोचलं तर एकाचा पाय किंचित आखडला. जुन्या लोकांना वाटायचं, कुंभारीण अळी कोंडते आणि गुणगुणून तिला आपल्यासारखी करते. दत्तात्रेयांच्या चोवीस गुरूंच्या यादीत शेवटचे दोन कोण आहेत ते आजोबांना विचार. कोळी आणि कुंभारीण, शेजारी शेजारी! कोळी गुरू का? तर धागा स्वतःतून काढतो आणि परत स्वतःतच घेतो म्हणून. हेही खरंच आहे. गोल जाळं विणणारे पुष्कळ कोळी जुनं जाळं खाऊन टाकतात आणि नवं विणतात.

नवीन जातीचं म्हणशील तर हो. ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या एका उडी कोळ्याची २०२१ मध्ये नवी जात म्हणून नोंद झाली आणि तिला आयसियस तुकारामी नाव मिळालं, २६/११ ला दहशतवाद्याला धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्यावरून. एवढ्या दाट वस्तीत जर सापडतो, तर माणच्या माळावर कुणी नीट बघितलंय? पण फोटोवरून जात ठरत नाही बरं का. त्याला सूक्ष्मदर्शक लागतो. तू आधी वही कर. तारीख, जागा, कोणत्या झाडावर, काय खात होता. उलटी छत्री झुडपाखाली धर आणि फांदीवर काठीने दोनदा ठोक, छत्रीत काय पडतं ते लिही.

प्रश्न : रात्रीतून मानेवर लाल पट्टा उठला, आग होते. सगळे म्हणतात कोळी मुतला. (एक वाचक, कराड)

उत्तर : कोळी उगाच बदनाम आहे. पावसाळ्यात दिव्यावर एक लांबट किडा येतो, मुंगीएवढा, अंगावर नारिंगी आणि काळे पट्टे. तो चावत नाही, पण मानेवर बसला आणि आपण झोपेत चिरडला की त्याच्या अंगातल्या रसाने कातडी भाजते. बऱ्याचदा हेच असतं. साबण-पाण्याने धुवा, चोळू नका, डोळ्याला हात लावू नका, आणि फोड आले तर डॉक्टरांना दाखवा. एका बाजूने पट्ट्यासारखे फोड आणि आतून ठणका असेल तर तो नागीण नावाचा आजारही असू शकतो, तेव्हा अंगारे-धुपारे करत बसू नका. पुढच्या वेळी किडा अंगावर दिसला तर चिरडू नका, फुंकर मारा.

प्रश्न : बाई, एवढं कोळीप्रेम! मग दिवाळीला घरातली जळमटं काढता की नाही? (एक भगिनी, सातारा)

उत्तर : काढते हो. जळमटं बहुतेक सोडून दिलेली, धूळ खाल्लेली असतात. छताच्या कोपऱ्यात काडीसारख्या पायांचा, हात लावला की जाळ्यासकट गदागदा हलणारा कोळी असतो, त्याच्या मादीच्या तोंडात कधीकधी अंड्यांचा पुंजका दिसतो. तसा दिसला तर तेवढा कोपरा पिल्लं निघेपर्यंत सोडते. गेल्या दिवाळीला नेमका तो कोपरा देवघरावरचा निघाला. पाहुणे वर बघायचे, नवरा माझ्याकडे बघायचा.